कोळी दिसला म्हणून लगेच पंप उचलू नका



भाद्रपद संपत आला की आपल्या नांदेड-लातूर भागात शेतात शिरताना तोंडासमोर हात धरून चालावे लागते. कपाशीच्या दोन ओळींमध्ये, तुरीच्या फांद्यांत, बांधावरच्या गवतात, जिकडे पाहावे तिकडे जाळी. पहाटे दहिवर पडले म्हणजे ही जाळी मोती ओवल्यासारखी दिसतात. ऊन चढले की दिसेनाशी होतात आणि मग नेमकी तोंडाला चिकटतात. पावसाळाभर खाऊनपिऊन कोळी याच दिवसांत पुरते वाढलेले असतात. म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ.

पण आधी माझीच एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या कपाशीत पिवळ्या पट्ट्यांचे मोठाले कोळी फार झाले. खुरपणीला आलेल्या बायका बांधावरच थांबल्या. त्यांच्यातली एक वयस्कर काकू म्हणाली, "मालक, हे अंगावरून फिरलं तर फोड येतेत. आदी ह्याचं कायतरी करा, मग आमी आत जातो." मी धाकट्या भावाला तालुक्याला पिटाळले. त्याने दुकानात जाऊन सांगितले, "कपाशीवर कोळी पडलाय, जोरदार औषध द्या." दुकानदाराने एक बाटली दिली आणि तीत मिसळायला दुसरी दिली. दोन दिवसांत जाळी ओस पडली. बायका आत गेल्या, खुरपणी झाली, आम्हीही खूष.

पुढे पंधरा-वीस दिवसांत पानांवर पांढुरके ठिपके दिसू लागले. मग पाने तांबूस पडली. पान उलटून पाहिले तर खाली बारीक जाळीत पिठाच्या कणांएवढे काहीतरी तांबडे वळवळत होते. गावात आलेल्या कृषी सहायकांना पान दाखवले. त्यांनी खिशातले भिंग लावले आणि हसून म्हणाले, "दादा, हा कोळी. तुम्ही मारला तो दुसरा."

नाव एकच. एक शेताचा राखणदार, दुसरा शेताचा चोर. आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि त्या फाशीचे पैसेही आम्हीच भरले होते.

नावाचा घोळ

आपल्या भाषेत कोळी या नावाखाली बरीच मंडळी येतात. गोदावरीत जाळे टाकणारे आपले कोळी बांधव वेगळे. बांधावर जाळे विणतो तो आठ पायांचा कोळी, त्यालाच कुठे कातीण म्हणतात. वांगी, भेंडी, कपाशी यांच्या पानामागे बसून रस शोषतो तो लाल कोळी. मिरचीची पाने वाकडी करतो तो पांढरा कोळी. तुरीला वांझ करणारा रोग पसरवतो तोही कोळीच. पहिल्या पावसानंतर मातीवर फिरणारा लाल मखमली मृगाचा किडा आणि जनावरांच्या अंगाला चिकटणारी गोचीड, ही सगळी याच भाऊबंदकीतली. भाऊबंद म्हटले की सगळे एका स्वभावाचे नसतात, हे आपल्याला सांगायला नको.

तेव्हा दुकानात जाऊन नुसते "कोळी पडलाय" म्हणणे म्हणजे दवाखान्यात जाऊन नुसते "दुखतंय" म्हणण्यासारखे आहे. कुठे दुखते, काय दुखते, हे सांगावे लागते. त्यासाठी चार खुणा पाहायला शिकले पाहिजे.

पहिली खूण : अंग एक की दोन

जाळ्यातल्या कोळ्याच्या अंगाचे दोन भाग सरळ दिसतात. पुढचा भाग डोक्याचा आणि पायांचा, मागचा भाग पोटाचा, मध्ये बारीक कंबर. पिकावरच्या लाल कोळ्याला कंबर नसते. त्याचे अंग म्हणजे एकच गोल थेंब. शिवाय तो इतका लहान, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर, की नुसत्या डोळ्यांना तो हलणारा ठिपकाच वाटतो. खात्री करायची सोपी रीत अशी की पानाखाली पांढरा कागद धरून पान हलकेच झटकावे. कागदावर ठिपके चालू लागले तर तो चोर आहे.

पाय मोजायला गेलात तर थोडे फसाल. जाळ्यातल्या कोळ्याला आठ पाय आणि मोठ्या लाल कोळ्यालाही आठच. लाल कोळ्याच्या अगदी लहान पिलाला मात्र सहा असतात. तुरीवरच्या त्या अदृश्य कोळ्याला तर चारच पाय असतात, पण ते पाहायला साधे भिंगसुद्धा पुरत नाही. म्हणून तुरीवर कोळी शोधू नका, झाड पाहा. झाड हिरवेगार, झुडपासारखे दाट, पानांवर फिकट-हिरवे ठिपके आणि फुलांचा पत्ता नाही, असे दिसले तर तो वांझ रोग. असे झाड लवकर उपटून नष्ट करावे. वाण निवडतानाच रोगाला दाद न देणारा घ्यावा. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेले बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ हे वाण मर आणि वांझ या दोन्ही रोगांना तोंड देतात, हे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

धर्माबादकडच्या मिरची उत्पादकांसाठीही एक खूण सांगतो. मिरचीचे पान वाळले-वळले की आपण सरसकट 'चुरडा-मुरडा' म्हणतो. पण पानाच्या कडा वर वळून होडी झाली असेल तर बहुधा ते फुलकिडे. कडा खाली वळल्या, पान उपड्या होडीसारखे झाले आणि देठ लांबले, तर तो पांढरा कोळी. दोघांची औषधे वेगळी. वर वळले की खाली, एवढे पाहायला पैसा लागत नाही.

चोरांची ओळख एवढी पुरे. आता राखणदारांकडे वळू. त्यांची खरी गंमत अंगावरच्या नक्षीत आहे.

जाळे विणणारे

आमच्या कपाशीतला तो पिवळ्या पट्ट्यांचा कोळी तुम्ही नक्की पाहिला असेल. तो दिवसाढवळ्या जाळ्याच्या मधोमध डोके खाली करून बसतो. आठ पाय दोन-दोन जोडून धरतो, त्यामुळे लांबून चारच पाय आहेत असे वाटते. त्या पायांच्या रेषेत जाळ्यावर पांढऱ्या रेशमाची नागमोडी फुली काढलेली असते. शास्त्रात या घराण्याला आर्जिओपी म्हणतात. आपल्याकडच्या एका जातीचे नाव आहे आर्जिओपी अनासुजा. थोरेल नावाच्या स्वीडनच्या अभ्यासकाने १८८७ मध्ये ते ठेवले. नाव ऐकले की आम्हा नांदेडकरांना माहूरच्या डोंगरावरची अनसूया माता आठवते.

या घराण्यात सारख्या दिसणाऱ्या बहिणी आहेत. अनासुजाचे पोट वरून पाहिले तर पाचकोनी, त्यावर पिवळे-पांढरे आणि तपकिरी आडवे पट्टे. दुसरी एक जात, आर्जिओपी एम्युला, तिचे पोट लांबट अंडाकृती आणि त्यावर बारीक काळ्या आडव्या रेघा पुष्कळ, जणू इरकली लुगड्याची काठी. पाचकोनी की अंडाकृती, रुंद पट्टे की बारीक रेघा, एवढ्यावर या दोघी वेगळ्या काढता येतात. तिसरी, आर्जिओपी पल्केला, ही मात्र अनासुजाची जुळी शोभावी अशी. तिच्यासाठी भिंगही कमी पडते. त्याविषयी पुढे सांगतो.

दुसरा जाळेवाला आहे तो रात्रपाळीचा. संध्याकाळी अंधार पडू लागला की तो फांद्यांमध्ये गोल जाळे विणतो आणि दिवसा पान दुमडून त्यात लपतो. अंग मातकट, पोट गुबगुबीत, पाठीवर फिकट नागमोडी पट्टा, पोटाखाली काळसर भागाच्या कडेला पांढुरके ठिपके. हा निओस्कोना. याच्यासारखाच दिसणारा दुसरा म्हणजे अरेनिअस. दोघांना वेगळे करणारी खूण मोठी मजेदार आहे. पुढच्या भागाच्या पाठीवर मधोमध एक बारीक खाच असते. ती खाच उभी असेल तर निओस्कोना, आडवी असेल तर अरेनिअस. बैलाच्या कपाळावरचा भोवरा पाहून आपले जुने लोक बैल ओळखत, तसेच हे.

उसाच्या फडात, कालव्याच्या कडेला, मांजरा नदीच्या काठच्या गवतात आडवे पसरलेले जाळे दिसेल. त्यात काडीसारखा लांबुळका कोळी पाय पुढे-मागे ताणून देठाला चिकटून बसला असेल आणि त्याचे जबडे पुढे आलेले असतील, तर तो टेट्रॅग्नाथा. त्याच जागी चांदीचा मुलामा दिल्यासारखे पोट आणि त्यावर काळसर-हिरवट रेघा दिसल्या तर तो ल्यूकॉज. दोघे शेजारी राहतात, पण एक काडी आणि दुसरा चांदीचा मणी.

जाळ्याविना शिकार करणारे

कोळी म्हटला की जाळे हवेच असे नाही. निम्मी राखण तर जाळे न विणणारेच करतात. यांची नक्षी एकमेकांत मिसळते, म्हणून यांच्या अंगाआधी डोळे पाहावेत. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, पण त्यांची मांडणी घराण्यागणिक निराळी.

जमिनीवर, ढेकळांतून पळणारा मातकट कोळी हा लांडग्या कोळी. खाली चार बारीक डोळे ओळीने, त्यावर दोन मोठे, आणि त्यांच्या मागे आणखी दोन. पाठीवर मधून एक फिकट पट्टा. आई अंड्यांची गोल पोटली मागे चिकटवून हिंडते आणि पिले निघाली की त्यांना पाठीवर घेते. रात्री पाणी द्यायला जाल तेव्हा बॅटरी डोळ्यांच्या उंचीवर धरून जमिनीवर झोत टाका. ढेकळांत हिरवट ठिणग्या चमकतील. ते दवाचे थेंब नसतात, या कोळ्यांचे डोळे असतात. एका वाफ्यात किती राखणदार जागे आहेत ते तेव्हा कळते.

याचाच एक भाऊबंद हिप्पासा. दिसायला तसाच, पण तो जमिनीलगत चादरीसारखे जाळे पसरतो आणि त्या चादरीला नरसाळ्यासारखे भोक ठेवून त्याच्या तोंडाशी बसतो. सकाळी दहिवरात बांधावर रुमाल वाळत घातल्यासारखी जी जाळी दिसतात, त्यांतली पुष्कळशी याची. अंगावरून ओळखता आला नाही तरी घरावरून ओळखता येतो.

झाडाच्या पानांवर दिसतो तो काटेरी पायांचा कोळी, ऑक्झिओपीस. पोट मागे निमुळते, पायांवर लांब उभे काटे. समोरून पाहिले तर डोळ्यांपासून जबड्यापर्यंत दोन काळ्या उभ्या रेघा ओढलेल्या, जणू काजळ ओघळले आहे. याच घराण्यातला दुसरा, प्यूसेशिया, अंगाने हिरवागार असतो. रंग वेगळा असला तरी पायांवरचे काटे तेच. कपाशी आणि तुरीत यांची फार मदत. लहान अळ्या, तुडतुडे, पतंग दिसले की झेप घालतात.

आणि फुलात दबा धरणारा खेकड्या कोळी. सूर्यफूल, करडई, तूर फुलोऱ्यात आली की पाहा. पुढचे चार पाय लांब, ते पसरून तो खेकड्यासारखा बसतो आणि तिरपा चालतो. अंग पांढरे किंवा पिवळे. पांढरा एक आणि पिवळा दुसरा असे समजू नका. यांच्यातल्या काही जाती फुलाप्रमाणे काही दिवसांत आपला रंग पांढऱ्याचा पिवळा करतात. इथे रंगाची खूण फसवी, बसण्याची खूण पक्की. खरे सांगायचे तर हा कधीकधी मधमाशीही धरतो. राखणदार असला तरी तो आपला सालगडी नाही, पोटासाठी शिकार करतो. पण सगळा जमाखर्च मांडला तर जमेची बाजू मोठी निघते.

घरातले पाहुणे

मायबहिणींनो, आता घरात येऊ. भिंतीवर टुणटुण उड्या मारणारा लहान कोळी तुम्ही रोज पाहता. समोर दोन मोठे डोळे गाडीच्या दिव्यांसारखे, आणि तुम्ही सरकलात की तोही वळून पाहतो. आपल्या भिंतींवर बहुधा दोन जाती असतात. एकीचा नर काळाभोर आणि त्यावर मधोमध एक आणि दोन्ही कडांना एकेक असे पांढरे पट्टे. हा प्लेक्सिपस. दुसरा चपटा, राखाडी, केसाळ. त्याच्या मादीच्या पोटाच्या दोन्ही कडांना काळसर पट्टा, तर नराच्या पोटावर मधोमध काळसर पट्टा. हा मेनेमेरस. लक्षात ठेवायला सोपे करून सांगतो. काळ्यावर पांढरे पट्टे तो प्लेक्सिपस, राखाडीवर काळे पट्टे तो मेनेमेरस. दोघेही माश्या आणि डास खातात.

पण इथेच एक फसगत आहे. प्लेक्सिपसची मादी काळी नसतेच, ती तपकिरी असते. नवरा-बायको शेजारी बसलेले पाहिले तर दोन वेगळ्या जाती वाटाव्यात. आर्जिओपीत तर मादी बोटाच्या पेराएवढी आणि नर तिच्यापुढे चिलटासारखा. म्हणून एकट्या रंगावरून निवाडा देऊ नये.

माळवदाच्या लाकडांत किंवा पत्र्याखाली दिसणारा मोठा चपटा कोळी, पाय पसरले तर तळहात भरेल एवढा, पाहून पोरे किंचाळतात. तोंडावर मिशीसारखा पांढुरका पट्टा असतो आणि मादी पांढरी गोल चकती छातीशी धरून फिरते. ती चकती म्हणजे तिच्या अंड्यांची थैली. याचे मुख्य खाणे झुरळे. कोपऱ्यातल्या जळमटात दोऱ्यासारख्या पायांवर लोंबणारा, हात लावताच थरथरणारा, पोट डबीसारखे कोनेरी असलेला, तो क्रॉसोप्रायझा. त्याच्या जळमटात अडकलेले डास एकदा मोजून पाहा. दिवाळीला घर झाडू नका असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर आमच्याच घरात माझे ऐकायचे नाहीत. पण गोठ्यातले एखादे जळमट राहू द्यायला हरकत नाही.

सोंगे आणि मुखवटे

निसर्गात बहुरूपी पुष्कळ. मुंग्यांच्या रांगेत एखादी मुंगी थोडी वेगळी चालते, तिला नीट पाहा. तिला मिशा नसतात, पुढचे दोन पाय वर धरून ती मिशांसारखे हलवते. पाय मोजले तर आठ भरतात. मुंगीला सहाच. म्हणजे ती मुंगी नव्हे, मुंगीचे सोंग घेतलेला कोळी.

बोरी-बाभळीवरच्या जाळ्यांच्या गबाळ्यातही असेच होते. जाळे दिसले की काडी लावायची, ही आपली जुनी सवय. आधी त्यात डोकावा. खोडावर जाळीचा बोगदा, त्यात लाकडाचा भुसा आणि विष्ठा अडकलेली, तर ती साल खाणारी अळी. तिचा बंदोबस्त केलाच पाहिजे. फांदीवर मळकट कापसासारखा गोळा, त्यात वाळकी पाने, भुंग्यांची टरफले, आणि आजूबाजूची पाने शाबूत, तर ते सामाजिक कोळ्यांचे घर. हे कोळी शेकड्यांनी एकत्र राहतात आणि मोठा किडा आला की मिळून ओढतात. यांच्या माद्या शेवटी आपले शरीर पिलांना खायला देतात. अळीचे पाप त्यांच्या माथी मारून त्यांना जाळू नका.

मघाशी अनासुजा आणि पल्केला यांचे सांगायचे राहिले होते. अशा जुळ्यांची खात्रीची ओळख पटवण्यासाठी अभ्यासक कोळ्याला सूक्ष्मदर्शकाखाली उपडा ठेवतात आणि पोटाखालच्या जननांगाची घडण पाहतात. कुलपाला किल्ली बसावी तशी ती घडण जातीगणिक वेगळी. हे चिकाटीचे काम आपल्या देशात ज्यांनी केले त्यांत डॉ. बी. के. टिकादर यांचे नाव मोठे. पुण्यातल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या केंद्रात राहून त्यांनी वर्षानुवर्षे कोळी गोळा केले, रेखाटले, नावे दिली. त्यांचे भारतीय कोळ्यांवरचे हाताशी ठेवण्याजोगे पुस्तक १९८७ मध्ये निघाले. साऱ्या जगात नोंदलेल्या कोळ्यांच्या जातींनी २०२२ मध्ये पन्नास हजारांचा आकडा ओलांडला. तुम्हाआम्हाला जात ओळखायची गरज नाही. घराणे ओळखले तरी शेतीचे काम भागते.

फोड कशाचे?

आता त्या काकूंच्या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे, कारण ती भीती खोटी नव्हती. फोड खरोखर येतात. पण ते बहुधा कोळ्याचे नसतात.

पावसाळ्यात दिव्यावर एक किडा येतो. मुंगीपेक्षा थोडा लांब, अंगावर आळीपाळीने नारिंगी आणि काळे पट्टे. तो चावत नाही. पण मानेवर बसला आणि आपण चापट मारली की त्याच्या अंगातला रस कातडीला लागतो. दुसऱ्या दिवशी तिथे भाजल्यासारखा लांबट चट्टा आणि फोड. किडा चिरडला गेलेला, रात्रीचे काही आठवत नाही, आणि सकाळी कोपऱ्यात कोळी दिसतो. आळ त्याच्यावर. असा किडा अंगावर बसला तर फुंकर मारून उडवावा आणि जागा साबणाने धुवावी.

दुसरे कारण नागीण. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात आणि आग होते. लहानपणच्या कांजिण्यांचे विषाणू शरीरात दबून राहिलेले असतात, ते पुन्हा उठतात. यावर औषध आहे, पण पहिल्या तीन दिवसांत सुरू केले तर जास्त उपयोगी. "कोळी फिरला" म्हणून गेरू आणि शेण लावण्यात हे तीन दिवस घालवू नका.

तिसरे सर्वांत महत्त्वाचे. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला काहीतरी टोचल्यासारखे झाले, सूज नाही, जखम नाही, आणि पहाटे पोटात कळा, पापण्या जड, गिळायला त्रास, तर "कोळी चावला असेल" असे म्हणून थांबू नका. मण्याराचा दंश असाच असतो, कळतसुद्धा नाही. १०८ वर फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. आपल्या शेतातल्या कोळ्यांनी माणूस दगावणे अगदीच विरळा, बहुतेकांचे दात आपल्या कातडीत शिरतही नाहीत. पण सापाचे पाप कोळ्यावर ढकलले तर घरातला माणूस जातो.

मग फवारायचे कधी?

फवारू नकाच, असे मी म्हणत नाही. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत कोळी पोचत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे लावा, बोंडे फोडून पाहा, आणि गरज दिसली तर औषध घ्या. लाल कोळी वाढला तर आधी माखलेली खालची पाने तोडून नष्ट करा. औषध घ्यायचे तर कोळीनाशकच घ्या. डब्यावर आपल्या पिकाचे नाव आहे का ते पाहा आणि प्रमाण परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीने ठेवा. पाण्यात मिसळणारे गंधक भर उन्हात मारू नका, पाने भाजतात. आणि दोन-तीन बाटल्या एकत्र करून मारायची खोड सोडा. जहाल औषधाने राखणदार आधी मरतात. लाल कोळी पानाखाली जाळीत सुखरूप राहतो आणि पाठीमागे कोणी उरले नाही म्हणून दुप्पट वाढतो. आमच्या कपाशीत तेच झाले.

यात पैशाहून मोठा हिशोब आहे. २०१७ च्या हंगामात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात ठेवावे लागले. किनवट-माहूरच्या पलीकडचाच तो मुलूख. प्रत्येक नको असलेली फवारणी म्हणजे आपल्याच माणसाच्या नाकातोंडात विनाकारण गेलेले विष. ती एक टळली तरी कोळ्यांची ओळख कारणी लागली म्हणायची.

तेव्हा पंप पाठीवर घेण्याआधी या पाच गोष्टी पाहा :

१. अंगाला कंबर आहे का? असेल तर राखणदार. एकच थेंब असेल तर चोर.

२. पान उलटा. वर ठिपके, खाली बारीक जाळी आणि हलणारे कण, तर लाल कोळी.

३. जाळे कुठे आहे? दोन झाडांमध्ये, फांद्यांत किंवा जमिनीवर पसरले असेल तर राहू द्या.

४. एकट्या रंगावर जाऊ नका. पट्ट्यांची दिशा, पोटाचा आकार, डोळ्यांची मांडणी, पायांवरचे काटे, सगळे मिळून पाहा.

५. ओळखता आले नाही तर पान कागदी पिशवीत घालून कृषी सहायकांना दाखवा. बाटली नंतर, ओळख आधी.

घरातल्या शाळकरी मुलांना हे काम द्या. एक वही, एक पेन्सिल आणि दहा-वीस रुपयांचे भिंग. रविवारी सकाळी त्यांना बांधावर सोडा आणि दिसेल त्या कोळ्याचे चित्र काढायला सांगा. पट्टे कसे, जाळे कसे, कुठल्या पिकावर. मोबाइलवर फोटो काढले तरी चालतील, पण हाताने काढलेले चित्र डोळ्यांना पाहायला शिकवते.

ती काकू अजून आमच्या शेतात खुरपणीला येते. आता बायकांच्या पुढे एकजण हातात तुराटी घेऊन चालते. जाळे आडवे आले की ते हलक्या हाताने उचलून शेजारच्या झाडावर ठेवते. सुरुवातीला हे काम कोणी करेना. परवा पाहिले तर तुराटी काकूच्याच हातात होती. नव्याने आलेल्या एका सुनेला ती सांगत होती, "अगं, भिऊ नको. पिवळे पट्टे हायेत न्हवं? मग ती आपलीच हाय."